गुडघ्याखालच्या बारीक वाटा

आई, बुवापाड्यातल्या आपल्या खोलीत रोज सकाळी तू स्टोव्हला पिन मारायचीस, ते आज जेवण झाल्यापासून सारखं डोळ्यांपुढे येतंय. बाबांची फॅक्टरीची पहिली पाळी, माझी कॉन्व्हेंटची शाळा, आणि नेमका त्याच वेळी स्टोव्ह फुरफुरायचा, निळी ज्योत पिवळी व्हायची. पत्र्याच्या पट्टीला लावलेली ती केसाएवढी तार तू हलकेच भोकात घालायचीस, श्वास धरून, जणू झोपलेल्या मुलाच्या डोळ्यातलं कुसळ काढतेयस. मग ज्योत पुन्हा आवाज धरायची. मी दारात बसून बुटांना पॉलिश करताना बघत असायचे. एकदा तार आतच तुटली. तू चिमटा आणलास, सुई आणलीस, स्टोव्ह उलटा करून ठोकलास, पण भोक बुजलं ते बुजलंच. बाबा उपाशी निघाले. जाताना म्हणाले, "एवढीशी तार, पण अख्खं घर थंड केलं हिनं." तू हसली नाहीस.

काल ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना मी तेच विचारलं, तार आत तुटली तर काय? पण ते पुढे. आधी तुला पायाचं सांगते. उजवा पाय. पावसाळ्याआधी बाजारात जाताना पोटरी आखडायला लागली. थोडं चाललं की थांबायचं, आणि थांबल्याचं कुणाला कळू नये म्हणून सिंधी दुकानदाराच्या काचेतल्या ड्रेसपीसकडे बघत राहायचं. तो बिचारा रोज बाहेर येऊन "आओ दीदी, अंदर आओ, देखने का पैसा नहीं" म्हणायचा. दिवाळीनंतर पाय रात्रंदिवस गार पडायला लागला. मग चपलेचा पट्टा करंगळीला घासला, एवढीशी जखम झाली, ती भरेना. आता करंगळी काळी आहे, आणि शेजारच्या बोटाचा रंग मला आवडत नाही. मला साखर आहे, तुझ्यासारखीच. तुझी कुणी मोजली नव्हती.

डॉक्टर तरुण आहे, माझ्या लेकीच्या वयाचा. त्याने माझ्या मनगटावर जेली लावून पेनासारखं यंत्र टेकवलं, तर आतून शू, शू, शू असा रक्ताचा आवाज खोलीभर आला. लेक हसली, "आई, तू तर कपडे धुतेयस आतमध्ये!" मग तेच पेन त्याने पावलावर टेकवलं आणि नुसती खरखर आली. त्याने जागा बदलली. खरखर. आई, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून बसले, कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर मिळालेली नोकरी ती. मेलेली लाईन मला कुणी सांगावी लागत नाही. लेकीचं हसू थांबलं. घोट्याच्या आतल्या बाजूला शेवटी कुठेतरी लांबून, दोन भिंतींपलीकडून यावा तसा आवाज आला. "आहे," डॉक्टर म्हणाला. "थोडंसं आहे अजून." तो हे स्वतःलाच सांगत होता.

मग त्याने कागदावर पाय काढून दाखवला. गुडघ्याखाली रक्ताच्या तीन बारीक वाटा असतात, माझ्या दोन बंद आहेत आणि तिसरी बंद व्हायला आली आहे. उद्या जांघेत सुई टोचून नळी घालणार, तिला कॅथेटर म्हणतात. तिच्यातून केसाएवढी तार खाली खाली सरकवत पावलापर्यंत न्यायची, सगळं समोरच्या पडद्यावर बघत. तार पलीकडे गेली की तिच्यावरून एक मिटलेला फुगा न्यायचा आणि अडकलेल्या जागी फुगवायचा. चुन्यासारखं कडक झालेलं असेल तर फुगा पुरत नाही. मग त्याच वाटेने एक दुसरं साधन जातं, त्याच्या टोकाला इवलंसं फिरतं पातं. ते आतला थर खरवडतं आणि खरवडलेलं आपल्याच पोटात भरून घेतं.

"आणि एखादा कण निसटला तर?" लेकीनं विचारलं.

"तर तो पुढे जाऊन बसतो. पुढे आधीच जागा कमी आहे." त्याने लपवलं नाही.

तेव्हा मी तारेचं विचारलं. तो जरा हसला. "आंटी, एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. क्वचित होतं. फार क्वचित." मग त्याने बाकीचंही सांगितलं, पडद्यावर वाट दिसावी म्हणून जे औषध सोडतात त्याचा भार किडनीवर येतो, आणि माझी किडनी काही चांगली नाही, हृदयही. शेवटी कागद घडी करत म्हणाला, "वाट नाही उघडली तर थांबायला वेळ नसेल. गुडघ्याखालून पाय घ्यावा लागेल. घरी बोलून ठेवा. ऐन वेळी ठरवायला लागलं की माणसं चुकतात."

माणसं चुकतात. आई, तुझा पाय गार पडला त्या हिवाळ्यात अख्खी चाळ डॉक्टर झाली होती. शेकानं रक्त मोकळं होतं, शेक दे, शेक दे. गरम पाण्याची पिशवी आपल्याकडे नव्हती, म्हणून तू वीट स्टोव्हवर तापवून जुन्या लुगड्यात गुंडाळायचीस आणि पाय टेकवून झोपायचीस. पायाला ऊब काही लागत नव्हती, म्हणून तू वीट अजून तापवायचीस. ऊब लागत नव्हती कारण पायाला काहीच कळत नव्हतं, हे आपल्यात कुणाला माहीत होतं? एका सकाळी तुझ्या टाचेवर विटेचा कोपरा उमटलेला होता, फोडासकट, साचा मारल्यासारखा. आणि तू खूश झालीस. "बघ गं," मला हाक मारून म्हणालीस, "लागला बाई एकदाचा शेक." मी अजून ते वाक्य ऐकते.

पुढचं तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणाले, कापावा लागेल. तू म्हणालीस, "दोन पायांवर आले, दोन पायांवर जाईन. तुमची करवत तुमच्यापाशी ठेवा." वॉर्डातल्या आया हसल्या, चाळीत ते वाक्य घरोघर फिरलं, बाबासुद्धा कौतुकाने सांगायचे. माझ्या शाळेतल्या सिस्टर आपल्या घरी आल्या होत्या, आठवतं? आपल्या पाड्यात सिस्टर आल्या म्हणून पोरं मागे मागे. त्या तुझ्या खाटेशी बसल्या आणि त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "मुलीला तुम्ही पाहिजे. पाय नाही पाहिजे." तू त्यांच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सिस्टर, चहा घेणार का?" बस, तेवढंच. खोलीतल्या वासावर आम्ही उदबत्त्या लावायचो. विहारातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या आणि त्यांनी वंदना म्हटली, तेव्हा तू त्यातला एक शब्दही म्हणू शकली नाहीस.

मघाशी शेजारची सिंधी भाभी आली. माझ्या पायाला हात लावून म्हणाली, "हाय रब्बा, ये तो बरफ है! रुको, थैली लाती हूं."

लेक म्हणाली, "नको आंटी, डॉक्टरने मना किया है. सेकना बिलकुल मना."

"डॉक्टर को क्या पता? ठंड उसको लग रही है क्या? ठंड तो इस गरीब को लग रही है!" आणि लाल रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून घेऊन आलीच, वर लेकीला टोमणा, "आजकल की छोकरी, मां ठिठुर रही है और ये कानून सुना रही है." लेक आता औषधांच्या दुकानात गेली आहे. पिशवी खाटेशेजारच्या खुर्चीवर आहे, माझ्या हाताच्या अंतरावर. पाय इतका गार आहे, आई, की दात वाजतात. मी पिशवीवर हात ठेवला आहे. फक्त हात. तू ती वीट पुन्हा पुन्हा का तापवलीस, ते मला आज कळतंय, आणि कळतंय त्याचीच धास्ती वाटते.

भाऊ बदलापूरहून सकाळी गाडी घेऊन येईल. फोनवर म्हणाला, "ताई, आईचा स्वभाव आहे तुझा, काही होत नाही तुला." त्याला धीर द्यायचा होता. मी "हो रे" म्हटलं. निघताना लेकीला काही गोष्टी सांगायच्या आहेत, पण तिच्या तोंडाकडे बघून मला नीट बोलता येणार नाही, म्हणून आधी तुला सांगून बघते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे चुकलं तरी चालेल.

शिलाई मशीन बेलवलीला भावाच्या सुनेला. तिचा हात चांगला आहे, फक्त पायडलला तेल घालायला सांगायचं. माझ्या पांढऱ्या साड्या विहारातल्या बायकांना, दोन सोडून, त्या लेक ठेवील. सिस्टरनी मला बक्षीस दिलेली इंग्रजी डिक्शनरी नातीला, तिने त्यात रंगवलं तरी रागवायचं नाही. तुझी पैंजणंही नातीलाच. लिंबाच्या लोणच्याची बरणी भाभीला, आणि तिची पिशवी तिला गार करून परत द्यायची, काही न बोलता. भावाला काही द्यायचं नाही, तो घेणार नाही आणि वर रडेल. त्याने फक्त माझ्या लेकीशी भांडू नये.

आणि उजवा पाय, मागितलाच तर, डॉक्टरांना. त्याला मी काल लेकीसमोर सांगून आले. तो म्हणाला, आंटी, तुम्ही फार हिमतीच्या आहात. तसं नाहीये, आई. मला नुसतं इथे घरी परत यायचं आहे.