एक्याण्णवचं पेट्रोल आणि चढावरचा दवाखाना

तीर्थरूप दादा,

धाकटीचा नमस्कार. कंबर कशी आहे? (उत्तर वहिनीने लिहावं, तू लिहिलंस की कंबर नेहमी ठणठणीतच असते.) लेकीकडे जाताना गाडीची किल्ली देऊन तू बजावलं होतंस, की हिला पंच्याण्णव ऑक्टेनचंच पेट्रोल लागतं, त्याहून हलकं चालत नाही. ते मी विसरले नव्हते. पण मंगळवारी पंपावर पंच्याण्णवपुढे रांग होती, एक्याण्णवपुढे कुणी नव्हतं आणि यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वेळ दहाची. मला वाटलं, एक्याण्णव काय वाईट? शाळेत गणिताच्या सिस्टरनी मला एकसष्ट दिले, तेव्हा तू मला खांद्यावर घेऊन घरभर नाचला होतास. (आपल्या घरात एक्याण्णव कुणाला पडलेत?) अर्धी टाकी भरली.

दवाखाना टेकडीवर. पहिल्याच चढाला बॉनेटखालून, डब्यात खडे हलवावेत तसा आवाज सुरू झाला. पाय दाबला की खडे वाढत. हे शेजारी धुकं बघत बसलेले. "इंजिन काहीतरी म्हणतंय," एवढंच बोलले. आजची वेळ चुकली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी, आणि हे तर आताच चहा कपाबाहेर ओततात. बाजूला थांबून तुझ्या गॅरेजवाल्याला फोन लावला. "ताई, घातलंत काय?" मी सांगितलं. त्याने शाळेतल्या सिस्टरसारखा आकडा माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला. मग म्हणाला, "खालचा गियर घ्या, पाय हलका ठेवा. वर पंप आहे, तिथे उरलेली टाकी अठ्ठ्याण्णवने भरा. आणि घाई नको." घाई नको म्हणे. मागे ट्रक हॉर्न देतोय, घड्याळात साडेनऊ, आणि आम्ही मुंगीच्या पावलांनी वर.

पंपावरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अर्धं एक्याण्णव, अर्धं अठ्ठ्याण्णव, झालं की जवळपास पंच्याण्णव. डोळे पुसा, काकू, आणि निघा." (मी रडत नव्हते. फारशी.) शेवटच्या वळणापर्यंत खडे थांबले. दहाला चार मिनिटं कमी असताना आम्ही दारात होतो.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर हे माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "केस कधी पांढरे झाले गं तुझे?"

तुझी,
धाकटी

ता. क. इंजिनाला काही झालेलं नाही, गॅरेजवाल्याने तपासलं. मागच्या दिव्याचं तो स्वतःच सांगेल.

आणखी एक. दुसऱ्या डोळ्याची तारीख एकवीस. पेट्रोल मी नीट भरेन, गाडीही मीच चालवेन. पण ऑपरेशनच्या दाराबाहेरच्या बाकावर एकटीने बसणं मला जमलं नाही, दादा. तू ये.