अक्षताच्या लेकीचा रंग

बदनापूर,
८ डिसेंबर २०२४

चि. साक्षी हिस आत्याचे अ. उ. आ. आणि जय भीम.

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर माझं गाऱ्हाणं रंगात आलं की तुला प्रयोगशाळेत नेमकं कुणीतरी बोलावतं.

काल अंकुशनगरला अक्षताच्या सासरी जाऊन आले. नात दोन महिन्यांची झाली. मी विणलेला निळा स्वेटर तिच्या अंगात घालून झुंबरबाईंनी, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि चारचौघांत सांगितलं की ताई, तुमची लोकर रंग सोडून राह्यली. बघते तर खरंच ओठ निळसर, नखं निळसर. लोकर जुन्या जालन्यातल्या इजहारभाईंकडची, तीस वर्षांची ओळख. मी तिथल्या तिथं स्वेटर बादलीत बुडवून पिळला. पाणी स्वच्छ. नखं ओल्या फडक्यानं पुसली, रंग ढिम्म. सर्जेराव व्याही म्हणाले, आमच्याकडं सगळेच सावळे. आपण न्यायाधीश आहोत असं त्यांना निवृत्त झाल्यापासून वाटतं.

बाकी लेकरू गुणी. रडत नाही, सारखं झोपतं. अक्षताचं दूध पुरत नाही म्हणून डब्याचं चालू आहे. तू रक्तावर पीएचडी करतेस, तर लोकर निर्दोष असल्याच्या चार ओळी लिहून पाठव. शिक्का मारलास तर उत्तम.

लोभ आहेच, उत्तराचा आळस तेवढा नसावा.
तुझी आत्या,
बेबीनंदा


पुणे,
११ डिसेंबर २०२४

ती. आत्यास साक्षीचा सप्रेम जय भीम, सा. न. वि. वि.

तासाभरापूर्वी तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथूनच फोन केला. बाळाला आत्ताच्या आत्ता जालन्याला न्या, एवढंच ओरडले. तू एकही प्रश्न न विचारता फोन ठेवलास, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं. आता तुमच्यापैकी कुणाचाच फोन लागत नाही. लिहीत बसले नाही तर वेड लागेल.

आत्या, लोकर निर्दोष आहे. रंग आतला आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोखंड असतं, त्यावर बसून ऑक्सिजन अंगभर फिरतो. मी ज्या वायूवर काम करते तो नायट्रिक ऑक्साइड आपलं शरीरही कणभर बनवतं, रक्तवाहिन्या सैल राहाव्यात म्हणून. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन भेटलं तर तो त्याला घट्ट चिकटतो. ऑक्सिजनवालं भेटलं तर पापणी लवायच्या आत स्वतः नायट्रेट होऊन संपतो, पण जाता जाता त्या लोखंडाचं रूप पालटून जातो. मग ते ऑक्सिजन धरत नाही, आणि लाल रक्त चॉकलेटी होतं. काचेच्या नळीत हे घडताना मी अजूनही खुर्चीवरून उठते.

तेच काम खत मुरलेल्या पाण्यातलं नायट्रेट तान्ह्या बाळात करू शकतं. पोटात त्याचं नायट्राइट होतं, आणि ते त्याच लोखंडावर उतरतं. मोठ्यांचं शरीर बिघडलेलं लोखंड दुरुस्त करून घेतं, तान्ह्यांची ती ताकद अजून कच्ची असते. म्हणून मला एकच सांग, दुधाची पावडर कुठल्या पाण्यात कालवतात?

बाळ सुखरूप असू दे. तू रागाव, पण कळव.
तुझीच,
साक्षी


बदनापूर,
१७ डिसेंबर २०२४

चि. साक्षी हिस अ. उ. आ. आणि सगळ्या घराचा जय भीम.

तुझी भाची गुलाबी आहे! फोनवर तुला कळलंच, पण ते रडणं-हसणं झालं, बातमी आता देते.

डॉक्टरांनी पांढऱ्या कागदावर तिच्या रक्ताचा थेंब घेतला, शेजारी माझा. माझा लाल होत गेला, तिचा चॉकलेटीच राहिला. तुझं पत्र नंतर हातात पडलं, त्यात हेच शब्दशः लिहिलेलं. मग शिरेतून औषध सुरू केलं. तेही गडद निळं. सर्जेराव आडवे आले, निळ्यावर निळं कशापायी म्हणून. त्यांना बाहेर बसवलं. तासाभरात ओठ उजळायला लागले. साक्षी, मी सूर्य उगवताना इतका वेळ कधी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी लंगोट हिरवे निघाले, तर हे गृहस्थ ते हातात घेऊन डॉक्टरांमागं धावले. औषधाचाच रंग तो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पाणी विहिरीचं, विहीर उसाच्या बांधाला. आणि झुंबरबाई ते अर्धं होईस्तोवर आटवायच्या, बाळाला बाधू नये म्हणून. त्यांच्या सासूनं तसंच शिकवलं होतं. डॉक्टर म्हणाले, उकळून जंतू मरतात, खत उडून जात नाही. पाणी अर्धं म्हणजे खत दुप्पट. विहीणबाईंना ऐकवायला मी रस्ताभर धारदार वाक्यं रचली होती. त्यांचा चेहरा पाहिला आणि सगळी गिळली.

तपासलेलं पाणी आणून आता घरी दूध होतं. पण झुंबरबाई बाळाला हात लावीनात. स्वयंपाक करतील, लंगोट धुतील, पाळण्याजवळ येणार नाहीत. माझ्या हाताला अपेश आहे म्हणाल्या. अक्षतानं विनवलं, मीसुद्धा विनवलं. मी, त्यांना!

काल दुपारी बाळानं भोकाड पसरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खणखणीत. रडून रडून लालबुंद झालं, कानाच्या पाळ्यांपर्यंत. अक्षता, जावई, सर्जेराव आणि मी पाळण्याभोवती उभे राहून तो रंग बघत राहिलो. उचलायचं कुणाला सुचेना. सर्जेराव तर टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात झुंबरबाई पिठाच्या हातानं आल्या, मला कोपरानं बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "लेकरू रडून राह्यलं अन् तुम्ही तमाशा बघता? शिकलेली माणसं म्हणं."

उचलल्याबरोबर ती गप्प झाली. गालावर पीठ. कुणीच पुसलं नाही.

लोभ असाच वाढता ठेव, सुट्टीत ये.
तुझी आत्या,
बेबीनंदा