न दुखणारा पाय

अकोला, ६ ऑगस्ट २०२४

चि. नत्थुस,
तुझ्या मोठ्या बहिणीचे, केशरबाईचे, अनेक आशीर्वाद.

साधनाचा खोकला बसला का? तुझ्या पोराची, योगेशची, कंबर कशी आहे? नातीले दात येऊन राहिले म्हणे, ताप तर नाही ना? इथं माझा किशोर बरा, सूनबाई बरी. तुझ्या भाऊजीचं तसंच. लकव्यानं गेलेला डावा हात अजून उचलत नाही, पण उजव्या हातात कप धरून चहा गोड झाला म्हणून माझ्यावर ओरडतात. म्हणजे तब्येत सुधारून राहिली.

आता तुझं. योगेश किशोरले सांगत होता की पानमळ्यात तुझ्या तळपायात बांबूची काडी घुसली, अन त्याले पंधरा दिवस झाले. अरे, तुले शुगर आहे ना? मले फोनवर नुसतं घोंघों ऐकू येतं, म्हणून कागदावरच भांडते. काय लावून राहिला पायाले? कोणाले दाखवलं? खरं लिही.

तुझी,
बाई

अंजनगाव सुर्जी, ९ ऑगस्ट

ती. बाईस,
नत्थुचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र म्हणजे अर्धं आशीर्वाद, अर्धं वॉरंट! पाय मजेत आहे. आपल्या गल्लीतले खुशालराव तेल अन पाल्याची राख बांधून देतात. आठ दिवसांत दुखणंच गेलं. दाबलं तरी कळत नाही, इतकं बरं. रोज मळ्यात जातो. अनवाणीच. तू मळ्यातलीच लेक, तुले काय सांगू? वेलाजवळ चप्पल घालून आपला आजाही कधी गेला नाही. त्या पायाले फडकं गुंडाळतो, झालं.

तू म्हणशील, अमरावतीले जा. पानं तोडायले आली आहेत, कसा जाऊ? अन शेजारचा भगवंत अमरावतीले गेला, तो अंगठा तिथंच ठेवून आला. अकोल्याले आलो तर तू रोज मुगाचं फिकं वरण खाऊ घालशील, ते सुरीहून वाईट. काळजी करू नको. माया आहे तेवढी राहू दे, राग कमी कर.

तुझा,
नत्थु

अकोला, १२ ऑगस्ट

चि. नत्थुस आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी आमच्या गल्लीतल्या नर्सबाईकडं गेले. दाबलं तरी कळत नाही, हे वाचून तिचं तोंडच उतरलं. म्हणाली, शुगरवाल्याची जखम दुखायची थांबली म्हणजे बरी झाली असं नाही, पायाची नस मेली असं समजा. दुखणं हा राखणदार असतो बापा. तो मुका झाला, अन तू म्हणतो चोर गेला!

एक गोष्ट आजवर कोणाले सांगितली नाही. तुझ्या भाऊजीचं तोंड वाकडं झालं त्या दिवशी गुरुवार होता. किशोर गाडी आणतो म्हणत होता. मीच म्हटलं, लकव्याचं औषध देणारे बुवा रविवारीच देतात, तोवर घरीच राहू दे. तीन दिवस मी त्यांचा हात चोळत बसले. डॉक्टर नंतर म्हणाले, पहिल्या काही तासांतच आणायचं होतं. तो हात माझ्यापायी गेला, नत्थु. सदरा घालून देताना ती बाही मी आधी भरते, त्यांच्या तोंडाकडं पाहत नाही.

माझा जीव म्हणतो अकोल्याले ये, डोळ्यांसमोर राहशील. पण माझ्या जिवाचं ऐकू नको. तुले अमरावती जवळ पडते, अन तिथं कापाकापीचे मोठे डॉक्टर आहेत. साधनाले फडकं सोडून वास घ्यायले सांग. वास आला तर त्याच पावली नीघ. पानं योगेश तोडेल.

तुझी,
बाई

अमरावती, १६ ऑगस्ट, सकाळ

ती. बाईस,
साधनाचा नमस्कार.

परवा तुमचं पत्र आलं. फडकं सोडलं अन मी अंगणात जाऊन ओकले. करंगळी अन तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. हे म्हणे, राखेचा रंग आहे! योगेशनं तशीच गाडी केली. इथले डॉक्टर म्हणतात, आज दोन बोटं काढली तर पाय वाचेल. उद्यावर गेलं तर घोट्यापर्यंत जाईल.

पण हे सही करत नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडले आहेत. वेल बांधायले शिडीवर कसा चढू, एवढंच विचारतात. मी हात जोडले, योगेश रडला. म्हणतात, माय गेल्यावर बाईनं वाढवलं, बाईनं लिहून दिलं तरच करतो. किशोरचा निरोप चालत नाही, तुमचंच अक्षर पाहिजे. आज टपाल चालणार नाही. या कागदाचा फोटो योगेश किशोरच्या मोबाईलवर पाठवून राहिला. तुम्ही लिहा अन तसाच फोटो पाठवायले सांगा. दुपारपर्यंतच वेळ आहे, बाई.

तुमची,
साधना

अकोला, १६ ऑगस्ट

नत्थु,

आशीर्वाद मागाहून. आधी सही कर. पुढची ओळ सही झाल्यावर वाच.

केली? आता ऐक. शिडीवर योगेश चढेल, तू खाली उभं राहून त्याले शिव्या दे. मी सांगते म्हणून ती दोन बोटं दे. पाप लागलं तर मले लागू दे. तू पाय घेऊन घरी ये.

तुले आत नेलं की साधनाले दोन शब्द लिहायले सांग, पण लवकर. किशोरचा मोबाईल मी हातात धरून बसले आहे, त्यालेही देत नाही.

तुझी,
बाई