दोन घटका आधी

श्री

कर्जत,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८६८, मंगळवार

सौ. आनंदीस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीतीप्रमाणे लिहिले. ते देण्याची माझी पात्रता सध्या कितपत आहे, हे पत्र वाचून झाल्यावर तू ठरव.

इकडे क्षेम आहे. तुळशीला रोज पाणी घालतो. मांजरीने तुझ्या शिवणाच्या पेटीत तीन पिल्लं घातली असून त्यांतलं एक हुबेहूब तुझ्या काकूसारखं बघतं. वरण मी स्वतः करतो. शेजारी त्याला वरण म्हणत नाहीत, पण त्यांचा या शास्त्राचा अभ्यास कमी आहे. शाळेतली मुलं संधी सोडवताना अजूनही शब्दांचे हातपाय मोडतात. एकूण जगाचं रहाटगाडगं तुझ्यावाचून चालू आहे, घराचं मात्र अडलं आहे.

हे पत्र धाऊ गाडीवान आणून देईल. त्याच्याजवळ दोन वस्तूही आहेत. एक फडक्यात बांधलेलं घटिकापात्र आणि दुसरी माझी तपकिरीची डबी. फडकं इतक्यात सोडू नकोस, आणि डबी तर मुळीच उघडू नकोस. आधी पत्र वाच. पत्र शेवटाकडून वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून शेवटी महत्त्वाचं काही लिहिणार नाही.

शशिकांतवर रागावू नकोस. तुझा भाचा आहे म्हणून सांगत नाही. दसऱ्याला पलटणीतून सुटून आला तेव्हा तो गोळ्यांचा पत्र्याचा डबा त्याने मला प्रेमानेच दिला. आसामच्या घाटात दोन-दोन दिवस लॉरी हाकणाऱ्यांना त्या सरकारातून मिळत. एक घेतली की झोप नाही, भूक नाही, भीती नाही. "आतोबा, तुमची पोथी महिन्यात उरकेल," म्हणाला. गुरुजींची मुहूर्तावरची टीका त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत छापखान्यासाठी स्वच्छ लिहून द्यायचा शब्द मी देऊन बसलो होतो, आणि संध्याकाळी दिवा लावला की माझे डोळे मिटत. त्याने स्वतः मात्र गोळ्या सोडल्या होत्या. का सोडल्या, हे मी विचारलं नाही. शिकलेला माणूस नको तिथे शंका काढतो आणि हवी तिथे गप्प बसतो.

पहिले आठ दिवस मी पंचवीस वर्षांचा होतो. तूच म्हणालीस, अहो, आज चार पानं लिहून वर अंगणही सारवलंत. पुढे एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. जिभेला कोरड, दाढा एकमेकींवर घासणं सारखं चालू, आणि ताटातला भात बघितला की कुणीतरी दुसऱ्याचं ताट माझ्यापुढे ठेवलं आहे असं वाटे. मी घराच्या कौलांना खडूने क्रमांक घातले. वर्गात एका पोराच्या अंगावर पाटी भिरकावली. तुला सांगितलं ते निसटली असं. ती निसटली नव्हती.

पोथीचं म्हणशील तर परवा शांतपणे सगळे कागद चाळले. दसऱ्यापासून तीनशेवर पानं लिहिली आहेत. त्यांत पहिला अध्याय सहा वेळा आहे, दर वेळी अधिक बारीक अक्षरात. दुसरा अध्याय नाही. गुरुजी असते तर हसले असते आणि मग आठ दिवस बोलले नसते.

संक्रांतीचं पुढे लिहितो.

तू निघालीस तेव्हा उंबऱ्यात एवढंच बोललीस, "तो डबा घरात असेपर्यंत मी यायची नाही." माघ उजाडताच मी तुला लिहिलं की डबा उल्हास नदीत टाकला. आनंदी, डबा मी खरोखरच टाकला. गोळ्या मात्र आधी काढून देवघरात शाळिग्रामाच्या संपुष्टात, त्याच्या खाली ठेवल्या. तुला खोटं लिहायचं नाही एवढ्यासाठी इतकी कसरत केली. रोज त्याला स्नान घालताना मी खिडकीबाहेर बघत असे.

आता घटिकापात्र. तुझ्या आबांनी लग्नात मला दोन रत्नं दिली, एक तू आणि एक ते तांब्याचं पात्र. दोहोंबद्दल त्यांनी एकच ताकीद दिली होती की यांचं काम यांच्या वेळेने होतं, आपण मध्ये बोट घालायचं नाही. मी दोन्ही ठिकाणी घातलं.

कडावच्या येसाजीच्या मुलीचं, जयवंताचं लग्न माघ शुद्ध त्रयोदशीला होतं. मुहूर्त सूर्योदयापासून अकरा घटका झाल्यावर. मी पहाटेच दोन गोळ्या घेऊन गेलो. सूर्य उगवताच मांडवात घंगाळभर पाण्यात पात्र सोडलं. पात्राच्या बुडाच्या छिद्रातून पाणी चढतं, पात्र बुडतं, घटका भरते, आपण कुंकवाची एक रेघ ओढतो आणि पुन्हा सोडतो; बावीस वर्षं हेच करत आलो. त्या दिवशी मात्र ते बुडेना. तिसऱ्या घटकेला तर मला वाटलं, हे मुद्दाम रेंगाळतं आहे. लोक सावकाश चालत होते, सनईवाला सावकाश वाजवत होता, माशीसुद्धा सावकाश उडत होती. सगळं जग एका चालीने मंद झालेलं दिसलं, तरी दोष आपल्या बघण्यात असेल असं मनात आलं नाही. छिद्रात मळ बसला आहे असा निर्णय मी केला, आणि पोथी शिवायचं दाभण काढून ते छिद्र साफ केलं. चांगलं कोरून साफ केलं.

मग पात्र भराभर बुडू लागलं. मला फार बरं वाटलं.

येसाजीचा एक पाहुणा रेल्वेत आहे, त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. तो हळूच येऊन म्हणाला, मास्तर, अजून पाऊण तास हाय. त्याला मी चारचौघांत कालगणनेवर जे व्याख्यान दिलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. येसाजी म्हणाला, पोरीचा मामा अजून आला नाय, थोडं थांबू. मी म्हणालो, घटका भरली, ती मामासाठी थांबत नाही. एका चुलत मामाला नवरीच्या पाठीशी उभा केला, मी मंगलाष्टकं म्हटली, तीही म्हणे आगगाडीसारखी, आणि अंतरपाट दूर झाला.

अक्षता अजून जमिनीवर होत्या तेव्हा मालोजी पोशीरहून आला. येसाजीची बायको अंबाबाई, तिचा पाठचा एकुलता भाऊ. भाचीची पिवळी साडी डोक्यावरच्या गाठोड्यात. मांडवात शिरला आणि उभाच राहिला. कुणीतरी म्हणालं, "मामा, आता बारशाला तरी येळेवर या." लोक हसले. मीही हसलो. तो साडी बहिणीच्या हातात देऊन जेवल्यावाचून परत गेला.

घरी येऊन अडीच दिवस मेल्यासारखा झोपलो. उठलो तो मनात त्या पाहुण्याचं घड्याळ टिकटिकत होतं. शाळेच्या घड्याळासमोर पात्र सोडलं. अठरा मिनिटांत बुडालं. घटकेला चोवीस हवीत. तेव्हा शाळेचं घड्याळ चुकतं असं ठरवून मी धीर यायला म्हणून एक गोळी घेतली आणि पात्र व बादली घेऊन स्टेशनवर गेलो. स्टेशनमास्तर भला माणूस. मोठ्या घड्याळाखाली मला बसू दिलं. पुण्याची गाडी आली, गेली. उतारू मला काही नवस असावा अशा नजरेने बघत होते. पाच वेळा सोडलं. पाचही वेळा अठरा मिनिटं. सहाव्यांदा सोडायला म्हणून पात्र उचललं आणि तसंच पुसून फडक्यात ठेवलं. तिथे बसल्या बसल्या कळलं, आनंदी. बाकी सगळी घड्याळं बरोबर होती.

त्या दिवसापासून घेतलेली नाही. आज अठरा दिवस. पहिले चार दिवस कसे गेले ते लिहीत नाही, शेजारच्या सुंदराबाई सांगतील. त्यांनी पेज आणून दिली आणि मी त्यांना दोनदा बोलू नये ते बोललो.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी कडावला जाऊन येसाजीला आणि अंबाबाईला सगळं सांगितलं. गोळ्यांसकट. येसाजीने मुहूर्त चुकला म्हणजे लग्नाला काही बाध येतो का एवढंच विचारलं. नाही म्हटलं. अंबाबाई तांदूळ निवडत होती, मान वर न करता बोलली, "पोर सुखात हाय, मास्तर. पर लग्नापासनं माझा भाऊस माझ्या दारात आला नाय. त्याला वाटतंय, त्यानंच माती केली. मला नका सांगू. त्याला जाऊन सांगा."

पोशीरची वाट मला कधी एवढी लांब वाटली नव्हती, आणि या वेळी त्यात गोळीचा काही हात नव्हता. मालोजी खळ्यावर पेंढा रचत होता. मी उन्हात उभा राहूनच सांगितलं. छिद्र, दाभण, गोळ्या, स्टेशन, दोन घटका. शिव्या ऐकायची तयारी करून गेलो होतो. तोंडात शब्दही तयार होते. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी मी येळेवर आलो व्हतो?"

मी म्हणालो, वेळेच्या आधी आला होतात.

त्याने घराकडे तोंड केलं आणि बायकोला हाक मारली. "आयकलंस का गं? मी येळेवर आलो व्हतो." तेच तो पुन्हा एकदा म्हणाला, पण हळू, पेंढ्याकडे बघून. मग मला ओटीवर बसवून भाकरी आणि वालाची आमटी वाढायला लावली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. दसऱ्यानंतर मला पहिल्यांदा भूक लागली होती, आणि ती लागली ती ज्याला मी चारचौघांत हसलो त्याच्या ओटीवर. तो दुसऱ्याच दिवशी बहिणीकडे गेला असं धाऊ सांगतो.

आता संक्रांत. इतकी पानं तिला टाळत आलो.

तू हातावर तिळगूळ ठेवलास आणि मी तो हुंगला. मग म्हणालो, "यात झोपेचं औषध घातलं आहेस. आधी तू खा." तू खाल्लास. माझ्यासमोर उभी राहून, पूर्ण चावून. आणि तरीही मी माझा खाल्ला नाही. तेवीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला मी चव घेऊन दाखवायला लावली. मालोजीसमोर बोलता आलं, इथे मात्र मला शब्द सापडत नाही. संस्कृतातही बघितलं.

पात्राचं छिद्र तांबटाकडून डाख देऊन बुजवून घेतलं आहे आणि त्यात नवं छिद्र बारीक सुईने पाडलं आहे. ते बरोबर आहे का, हे ठरवायला मी लायक नाही. आबांचं जोडीचं दुसरं पात्र खालापुरास तुझ्या माहेरी आहे. दोन्ही एका घंगाळात सोड. बरोबर बुडेपर्यंत छिद्र जरा जरा वाढव. घाई करू नकोस. मोठं केलेलं छिद्र लहान करणं फार कठीण, हे मी शिकलो. मलाही असंच कुणा बरोबर चालणाऱ्याच्या शेजारी ठेवून बघावं लागेल.

शेवटी महत्त्वाचं काही लिहिणार नाही म्हणालो होतो. एवढं एक खोटं पदरात घे.

डबीत सतरा गोळ्या आहेत. मोजून घे आणि तुझ्या हाताने चुलीत घाल. माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणून पाठवतो आहे. धाऊ निघायला अजून तासभर आहे, डबी माझ्यासमोर आहे, आणि आकडा शाईने लिहून झाला आहे. सतरा भरल्या, तर दोन्ही पात्रं बरोबर बुडतील त्या दिवशी आपलं पात्र घेऊन ये. एक जरी कमी भरली, तर पात्र तिथेच ठेव, आणि तूही तिथेच राहा. मी न्यायला येणार नाही.

तुझ्या वाटणीचा तिळगूळ तू खाल्लास. माझ्या वाटणीचा फडताळात वाटीखाली तसाच होता. दगडासारखा झाला होता. आज सकाळी खाल्ला.

दिवसा जागा आणि रात्री निजलेला,
तुझा
हरी