उलट्या तारांची गिटार

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू औंढ्यात, मी बेगडेवाडीत, मधे तासाभराचं अंतर. पत्राची गरज कधी पडलीच नाही. आणि भेटलो तरी आपण काय बोलायचो? भात कसं आहे, पाऊस किती झाला, माझ्या डेपोत काय चाललंय. एवढं झालं की दोघंही चहाचा कप हातात घेऊन गप्प.

आज लिहितोय, कारण काल तुला जाऊन वर्ष झालं. आणि काल तुझ्या अंगणात, सगळ्यांसमोर, मी गिटार वाजवली. सत्तावीस वर्षांनी! ही बातमी तुला माझ्याकडूनच कळायला हवी, असं रात्रभर वाटत होतं. म्हणून सकाळी चहा झाल्याझाल्या लिहायला बसलो.

ती गिटार घरात आली तो दिवस मला नीट आठवतो. आबा लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी होते. मालकाच्या मुलाची जुनी गिटार, तारा पिळायचा एक कान तुटलेला, दोन तारा गायब. ती फेकून देणार होते, आबांनी मागून घेतली. तुझ्यासाठी नाही, लाकूड चांगलं आहे म्हणून! तू तेव्हा अकरावीत असशील.

तू डावखुरा. आबांचा मार खाऊन जेवायला उजव्या हाताने शिकलास, पण विळा शेवटपर्यंत डाव्याच हातात राहिला. गिटार हातात आल्याबरोबर तू ती उलटी धरलीस. जाड तार वर यायला हवी, म्हणून सगळ्या तारा काढून उलट्या क्रमाने लावल्यास. जाड तार बारीक खाचेत बसेना, तर आबांची विळ्याला लावायची कानस घेऊन खाच मोठी केलीस. आबा किती ओरडले होते! गिटारीसाठी नाही, कानशीसाठी.

मी उजवा. पण घरात गिटार एकच, आणि ती तुझ्या हाताची. मी कुरकुर केली तर तू म्हणालास, "माझ्यागत धर की. तिला काय कळतंय, कोन उजवा नि कोन डावा!"

मी तुझ्यासारखी धरली. तसाच शिकलो. डाव्या हाताने तारा छेडायच्या, उजव्या हाताने दाबायच्या. जगात सगळे असंच वाजवतात, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

जयंतीला गावच्या गायन पार्टीत आपण दोघं पहिल्यांदा बसलो ते आठवतं का? ढोलकीवाले नामदेवतात्या माईकवरच बोलले होते, "ह्यो एक उलटा व्हताच, आता दुसरा बी आला!" सगळा मांडव हसला. तेव्हापासून आपलं नाव उलटे बंधू. आबा तेवढे हसले नाहीत. "लय झालं तुनतुनं. भाताची आवनी काय गिटार लावनार हाय?"

पण आई भात लावताना जे गाणं म्हणायची, ते तू गिटारीवर बसवलंस आणि आबा ओट्यावरून उठले नाहीत. विडी विझली तरी तशीच बोटांत धरून बसले. ते गाणं तू वाजवायचास, मी वाजवायचो, पुन्हा तू. एक गिटार इकडून तिकडे.

आणि मग तुझा तो अपघात.

चिंचवडचं ते वर्कशॉप, पत्रे दाबायचा तो प्रेस, त्यावर मला जास्त लिहायचं नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. दुसऱ्या कोणाची असती तर गिटारीच्या दृष्टीने कदाचित एवढं बिघडलं नसतं. पण तू उजव्या हातानेच तर तारा दाबायचास.

तुला हॉस्पिटलमधून घरी आणायच्या आदल्या दिवशी मी औंढ्याला गेलो आणि गिटार माळ्यावर टाकली. खिळ्यावर टांगलेली होती, तिथे कॅलेंडर लावलं. तुझ्या नजरेला पडू नये म्हणून. तू घरात आलास, कॅलेंडरकडे बघितलंस आणि तसाच जाऊन खाटेवर पडलास.

दोन-तीन महिन्यांनी, जयंती जवळ आली होती. आपण ओट्यावर बसलो होतो. तू म्हणालास, "बाळू, ती खाली काढतोस का?"

मी म्हणालो, "राहू दे रे. आता कुठं तिचं!"

तू म्हणालास, "बरं."

एवढंच. दादा, त्या एका "बरं"वर आपण सव्वीस वर्षं काढली!

मला वाटलं, मी तुला दुःखापासून वाचवलं. माझी बोटं तारांवर फिरताना बघून तुला तुझी आठवतील, हे मला नको होतं. पुढे गायन पार्टीवाले विचारायला आले की मी सांगायचो, "नाद सुटला." त्यांना खरं वाटलं. हळूहळू मलाही खरं वाटायला लागलं.

तरी एकदा आपण दोघंही पकडले गेलो होतो. तळेगावच्या लग्नात ऑर्केस्ट्रा होता, त्यात एक गिटारवाला. त्याने वाजवायला सुरुवात केली तसा मी हळूच उठलो आणि मांडवामागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. बघतो तर तू आधीच तिथे! तू म्हणालास, "आत गरम होतंय." मी म्हणालो, "हो ना." डिसेंबर होता, दादा! दोघांच्याही अंगात स्वेटर होते.

तू गेल्यावर मी पहिले काही महिने औंढ्याला यायचंच टाळलं. दिवाळीच्या सुमारास वहिनींचा फोन आला. छपराला नवा पत्रा टाकायचा होता, माळा रिकामा करायचा होता. "भावजी, तुमचं ते न्या. कामगार लोकं कुटंबी फेकत्याल." तुमचं, म्हणाल्या. मी गेलो, गोणपाटात गुंडाळलेली गिटार घेतली आणि घरी आणून पलंगाखाली सारली. उघडलीसुद्धा नाही.

रिटायर झाल्यापासून मी घरात नुसता फिरतो, असं सुनंदाचं म्हणणं. एका सकाळी पलंगाखाली झाडताना तिने ती बाहेर ओढली आणि म्हणाली, "एकतर वाजवा, नाहीतर माझी जागा मोकळी करा."

मी तळेगावात एका क्लासमध्ये घेऊन गेलो. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षाही लहान, तनुजा नाव. मी गिटार धरल्याबरोबर म्हणाली, "काका, उलटी धरलीत."

"मी अशीच शिकलोय."

"डावखुरे आहात?"

"नाही. उजवा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "उजव्या माणसाला उलटं शिकवलं कोणी?"

"भावाने."

हसली ती. मग म्हणाली, तारा सुलट्या करून देते, नव्याने बरोबर शिका, तीन महिन्यांत जमेल. मला ते पटत होतं. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. तुझी आठवण न काढता वाजवता येईल, असंही मनात आलं. मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात तिने तारांवरून बोट फिरवलं.

"काका, तुम्ही तर म्हणालात पंचवीस-तीस वर्षं कोणी हात लावला नाही."

"हो. कोणीच नाही."

"या तारा जुन्या नाहीत. वर्ष-दीड वर्षाच्या असतील फार तर. ढिल्या करून ठेवल्यात, मान वाकू नये म्हणून. आणि हे बघा, कानांना तेल दिलंय. कोणीतरी फार निगुतीने ठेवलीय."

मी गिटार नाकाजवळ नेली. मशीनच्या तेलाचा वास, दादा. तुझ्या शर्टाला यायचा तोच.

"आज तारा राहू द्या," मी म्हणालो. तिथून तडक स्टेशनवर आलो आणि औंढ्याला यायला लोणावळ्याची गाडी धरली.

वहिनी अंगणात पावटे सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच विचारलं, "वहिनी, गिटारीला नव्या तारा कोणी लावल्या?"

"कोन लावनार? ह्यांनीच."

"दादाने? त्या हाताने?"

"मी मांडीवर धरायची, ह्ये पिळायचे. जयंतीला घराला रंग द्यायचा ना, त्याच्या आदी दर वर्साला. माळ्यावरनं काढायची, पुसायची, तारा बदलायच्या, परत वर ठिवायची."

"तारा आणायचा कुठून?"

"पुन्यास्नं. मला सांगायचे, दाडीची ब्लेडं आनाया चाललोय." वहिनी हसल्या. "ब्लेडं काय लोनावळ्यात मिळत न्हाईत व्हय? पर मी बी कदी इचारलं न्हाई."

"पण त्याला तर वाजवता येत नव्हतं!"

"आवो, त्यांच्यासाटी कुटं? जयंतीला तुमी यायचे. तुमी मागितली तर तयार असाया पायजे, म्हनून."

मी तिथेच ओट्यावर बसलो.

तारा उलट्याच लावलेल्या होत्या, दादा. उलट्या तारांची गिटार दुसऱ्या कोणाच्या काय कामाची? तुझी बोटं गेली होती. उरलो मी एकटा. दर वर्षी मी जयंतीला यायचो, जेवायचो, मिरवणूक बघायचो, संध्याकाळची गाडी पकडून परत जायचो. आणि ती डोक्यावर माळ्यावर तयार असायची.

"मला कधी बोलला नाही तो," मी म्हणालो.

"तुमी एकदा म्हनला व्हता, राहू दे. मंग ह्ये म्हनले, त्याला आता नको वाटतंय, आपुन कशाला गळ घालायची?" वहिनींनी सोललेल्या शेंगांची टरफलं सुपात टाकली. "दोगं बी लय शाने! मला मातूर दरसाल ती मांडीवर घिऊन बसाया लावलं."

मी हसलो, आणि हसता हसता डोळे पुसले. वहिनी पावटे सोलत राहिल्या. चांगल्या आहेत रे त्या.

दादा, एक शब्द बोलायला तुला काय झालं होतं? एकदा तरी म्हणायचंस, बाळू, मला ऐकायचंय! मी तरी कुठे विचारलं म्हणा. मी माझ्याच मनाने ठरवलं, तुला काय सोसेल नि काय नाही. तू काय म्हणतोयस ते ऐकायला थांबलोच नाही.

तनुजाला मी सांगितलं, तारा आहेत तशाच राहतील. ती म्हणाली, मग मलाच उलटं शिकवावं लागेल. दोन महिने रोज बसलो. बोटांच्या टोकांची सालं निघाली. सुनंदा म्हणायची, "शेजारच्या काकू विचारत होत्या, घरात कसली दुरुस्ती काढलीय का?" पण बोटांना बरंच आठवत होतं. आईचं गाणं तर मी सांगायच्या आधीच बोटं तिकडे गेली.

एक गोष्ट सराव करताना सुचली, आणि त्या दिवशी मला पुढे वाजवता आलं नाही. तुझा डावा हात तर चांगला होता. छेडायला तोच लागतो. तू छेडायचं, मी शेजारी बसून तारा दाबायच्या. एका गिटारीवर दोघं! जमलं असतं का? जमलं असतं रे. खेटून बसावं लागलं असतं एवढंच.

काल स्मृतिदिनाला वहिनींनी मला आग्रह केला नाही. फक्त पत्रा टाकून झाल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाकलं होतं. खिळा मोकळा होता. मी आल्या आल्या गिटार तिथे टांगली, आणि मग मला परत फिरता येणार नव्हतं.

वंदना झाली. दोन-तीन जण तुझ्याबद्दल बोलले. माझं लक्ष खिळ्यावरच्या गिटारीकडे होतं. मधेच थांबलो तर? वहिनींना त्रास झाला तर? लोक म्हणाले, भावाच्या स्मृतिदिनाला हा काय करतोय, तर? मग मी उठलो आणि गिटार घेतली. तुझ्यासारखी धरली.

कोपऱ्यातून नामदेवतात्या ओरडले. नव्वदीला टेकलेत, ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं. "उलटा आला रं परत!"

सगळे हसले. तुझ्या स्मृतिदिनाला, दादा, सगळा मांडव हसला! माझी अर्धी भीती तिथेच गेली.

मी आईचं गाणं वाजवलं. दुसऱ्या ओळीला चुकलो. तू तिथेच मला टपली मारायचास. परत सुरुवातीपासून धरलं. तेवढ्यात वहिनी खाली बघत गुणगुणायला लागल्या, मग मागच्या दोन-तीन म्हाताऱ्या. मला वाटत होतं रडू येईल. आलं नाही. खांद्यावरून भाताची गोणी उतरवल्यावर वाटतं ना, तसं वाटलं.

जेवणं झाली, माणसं गेली. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी ऐकायला पायजे व्हतं." मी म्हणालो, "हो." मग आम्ही भांडी आवरली.

आता एवढंच सांगायचं राहिलं. गिटार पुन्हा माळ्यावर जाणार नाही. तारा सुलट्या होणार नाहीत. दर जयंतीला मी तुझ्या अंगणात वाजवीन, कोणी म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी. घराला रंग द्यायच्या आधी पुण्याला जाऊन नव्या तारा आणीन. वहिनी मांडीवर धरतील, मी पिळीन. आणि कोणी विचारलं, बाळूभाऊ, कुठं निघालात, तर ब्लेडं आणायला चाललोय असं सांगणार नाही. गिटारीच्या तारा आणायला चाललोय, असंच सांगीन.

तुझाच,
बाळू