सुकाणूवरचा माणूस

३ मार्च १८९८
आज पुन्हा केप हॉर्नच्या वादळी समुद्राची गोष्ट. कोळसा न्यायला आगबोटीची माणसं आली होती, माझ्या नवऱ्याने, मॅग्नसने, त्यांना धरून बसवलं. "सुकाणूवर मी. मागून डोंगराएवढी लाट. कॅप्टन ओरडतोय, फ्लेट, मागे बघू नकोस! लाट अंगावरून गेली. डोळे उघडतो तर सुकाणू हातात तसंच!" माणसं आ वासून ऐकत होती. मी आपली पाव भाजत होते.

१८७४ साली हे आमचं जहाज, 'आयला ग्रँट', मेलबर्नची लोकर घेऊन अडुसष्ट दिवसांत लंडनला पोचली. तेव्हा सुकाणू आपल्याच हातात होतं असं नवऱ्याचं म्हणणं. त्यातले पहिले नऊ दिवस हा माझ्या आईच्या कोंबड्यांच्या खुराड्यात होता! जेवण मीच नेऊन देत होते ना. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी पळाला — माझ्यासाठी. पुढचे एकोणसाठ दिवस आमच्या अंगणात लाकडं फोडली.

चोवीस वर्षं तोंड शिवून बसलेय. सांगणार कोणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.

४ मार्च
वारा. धुतलेले कपडे पुन्हा काळे झाले.

या जहाजाचंही नशीब बघा. आधी चीनचा चहा, मग आमची लोकर, मग लाकूड, मग खतासाठी पक्ष्यांची विष्ठा. आता डोलकाठ्या कापून मेलबर्नजवळ विल्यमस्टाउनला नांगरून ठेवलंय, आणि ज्या आगबोटींनी हिचं पोट मारलं त्यांनाच ही कोळसा पुरवते. राखणदार म्हणून कॅप्टनच्या खोलीत आम्ही दोघं. छत गळतं, पण पलंग महोगनीचा आहे.

७ मार्च
कंपनीचा एजंट पॉटिंजर आला. म्हणे राखणदार कमी करायचे आहेत. "पण फ्लेट, तुम्ही विक्रमी फेरीतले. पेपरात छापण्यासारखं आहे ते. त्या फेरीचे कॅप्टन रेनी लेकीकडे आलेत, शनिवारी जहाज बघायला येणार आहेत. त्यांनी तुम्हाला ओळखून सही दिली की तुमची जागा कायम."

आणि नाही दिली तर? आम्ही साठीला टेकलेले. जाणार कुठे? खुराडंसुद्धा राहिलं नाही आता.

८ मार्च
मॅग्नस जेवला नाही. म्हणतो पोटात गोळा आलाय. म्हटलं, "आलाय कसला! चोवीस वर्षं मीठमसाला लावून तूच वाढवलास तो." हसला नाही. मग मलाच वाईट वाटलं.

१२ मार्च
कॅप्टन आले. ऐंशीचे, काठी टेकत. मॅग्नस टोपी हातात चुरगाळत उभा. पॉटिंजरने विचारलं, "हाच का तो?" कॅप्टनने बराच वेळ पाहिलं.

"फ्लेट. हो. सुकाणूवर होता."

सही केली! मॅग्नस पांढराफटक पडला, पंप बघतो म्हणून खाली गेला. पॉटिंजर कोळसा मोजायला गेला. कॅप्टन खुर्चीत बसून म्हणाले, "बाई, तुमचा नवरा पळाला होता. जहाजाच्या वहीत नावापुढे 'पळाला' असं मीच लिहिलंय."

"मग सही कशी केलीत?"

"त्याच्या जागी धक्क्यावरून एक माणूस उचलला. हॉर्नला सुकाणूवर तो होता. लाटेने नेला त्याला. मी जहाज थांबवलं नाही. शोधत बसलो असतो तर अडुसष्टचे एकोणसत्तर झाले असते. आता मी कुठल्या तोंडाने तुमच्या नवऱ्याला खोटं पाडू?"

"नाव काय त्याचं?"

"नाव... आठवत नाही हो. वहीत असेल."

मग चहात आणखी साखर मागितली. मला त्यांची चीड आली. तरी घातली.

१३ मार्च
जागा कायम झाली. मॅग्नसला काही सांगायचं नाही असं ठरवलंय. त्याला बिचाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? कळलं तर खंगून मरेल.

१४ मार्च
राहवलं नाही. तो बूट शिवत बसला होता. सहज विचारावं तसं विचारलं, "तुझ्या जागी कोण गेला होता रे?"

"टॉर्किल बीटन," तो लगेच म्हणाला. मान वर केली नाही. "होबार्टचा. बायको मेरिऑन. दोन मुली."

चोवीस वर्षं ती गोष्ट ऐकतेय. तिच्यात लाट येते, आणि सुकाणूवरचा माणूस दर वेळी वाचतो. मी दर वेळी मनातल्या मनात हसत आले.