सरांच्या राउटरचे दोन सारखे छेद

३ ऑगस्ट १९९८
सुपेल्याच्या कम्प्युटर क्लासमध्ये विद्याधर सरांनी मले पूर्ण बॅचसमोर उभं केलं. कावून? तर नेटवर्कची तार राउटरच्या इथरनेट छेदाऐवजी कन्सोल छेदात खुपसली. दोन्ही छेद सारखेच, शेजारी शेजारी. माझी काय गलती? सर म्हणे, देवानंद, राउटरले हात लावू नको, तू झाडू मार. लतिका फिदीफिदी हसली. बदला घेईन. पक्का.

५ ऑगस्ट
लतिकाची वही पळवली. दुश्मन समजून घ्यावा लागते. इथरनेट: खोलीतल्या कम्प्युटरांसाठी. सिरियल: चौडा, स्क्रूवाला, टेलिफोनच्या लाइनीवरून क्लासच्या दुर्गच्या ब्रांचले. कन्सोल: फक्त राउटरले हुकूम द्यायले. दहा मिनिटांत समजलं. सर तीन महिने काय शिकवून राहिले?

८ ऑगस्ट
मंगळवारी क्लासचे मालक भाऊराव येऊन राहिले. सर सुपेल्यातून दुर्गचे कम्प्युटर चालवून दाखवतीन, मग टेस्ट. पास होईल त्याले दुर्गले ऑपरेटरची नोकरी. एकच जागा. बाबा म्हणे, नाही लागला तर स्टील प्लांटात ठेकेदाराकडे हेल्पर.
प्लॅन: तार इथरनेटातून काढून कन्सोलात. खोलीतले कम्प्युटर तुटले की दुर्ग बंद. सर घामाघूम. मग मी उठीन, गलतीवर बोट ठेवीन. बदला पण, नोकरी पण.

११ ऑगस्ट, सकाळ
प्लांटचा भोंगा झाला तसाच सायकल काढली. खोलीत कोणी नाही. राउटरची पाठ भिंतीकडे. हात मागे घातला, तार एका छेदातून काढली, बाजूच्यात टक्कन बसवली. पाहायची गरज काय? आपल्याले सगळं पाठ.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
दुर्ग धडाधड चाललं.
सरच गोंधळले. म्हणे, दुर्ग बंद दाखवून टेस्ट घ्यायची म्हणून काल मीच एक गलती करून ठेवली होती, ती दुरुस्त कोणी केली? भाऊराव खुश. म्हणे, ज्यानं केली त्यालेच नोकरी.
मी उभा. म्हटलं, मी!
सर म्हणे, शाब्बास देवानंद, काय गलती होती सांग.
आता जे केलं तेच सांगितलं. तार इथरनेटात होती, मी कन्सोलात टाकली.
भाऊराव म्हणे, मग दुर्ग चाललं कसं? लतिका बसल्या जागी बोलली, उलटं सर, कन्सोलात होती, यानं न पाहता इथरनेटात टाकली.
नोकरी तिले.

१२ ऑगस्ट
सरांनी कागद, कैची, गोंद दिला. म्हणे, छेदाछेदावर नावाची चिठ्ठी चिकटव, शेवटचं काम. चिकटवल्या. अक्षर झकास.
जाता जाता लतिकानं तपासल्या. इथरनेट अन् कन्सोलच्या दोन काढून अदलाबदल केल्या.
उद्या सकाळी सातला ठेकेदाराचं गेट.